गोव्यात इन्सुलेशनचा धंदा: मशीन घ्यावे, माल विकावा की बसवून द्यावा?

डिचोलीहून एका वाचकाने विचारले आहे: "बाबांचे हार्डवेअर आणि पत्र्यांचे दुकान आहे. औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्याने मिळतेय. बेळगावकडचा एक जण थर्माकोलच्या ब्लॉक मोल्डिंगचे वापरलेले मशीन विकायला बसलाय. इमारतींच्या इन्सुलेशनला पुढे मोठी मागणी येणार, असे जो तो सांगतो. पण गोव्यात राजस्थानसारखा उन्हाळा कुठे आहे? इथे हा धंदा चालेल का? चालणार असेल तर मशीन घेऊ की एखाद्या कंपनीची डीलरशिप?"

मशीनबद्दल शेवटी बोलू. आधी पेच कुठे आहे ते नीट पाहू. गोव्यात मागणी आहे का, याला सरसकट उत्तर नाही. वेर्ण्याच्या औषध कारखान्यात आहे, मालीम जेटीवरच्या ट्रॉलरवर आहे, कळंगुटच्या हॉटेलात आहे, साखळीतल्या चिऱ्याच्या घरात जवळजवळ नाही. राजस्थानात ऊन अडवले की काम झाले. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मि.मी. पाऊस, चार महिने भिजलेली हवा आणि किनाऱ्यालगत खार. इथे इन्सुलेशन वाया जाते ते पाण्यापायी. फोम काय किंवा लोकर काय, शेवटी ती कोंडलेली हवा. स्थिर हवेची उष्णतावाहकता ०.०२५ वॉट प्रति मीटर-केल्विन, पाण्याची ०.६, बर्फाची २.२. हवेच्या जागी पाणी शिरले की उष्णतेला चोवीस पट मोकळी वाट मिळते. गिऱ्हाइकाला बोर्ड कोणीही विकेल. तो बोर्ड दहा पावसाळे कोरडा ठेवून दाखवणारा माणूस इथे कमी आहे, आणि पैसा तिथेच आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो: पहिली तीन वर्षे बसवून देण्याचा धंदा करा, माल बाहेरून आणा, कारखान्याचा विचार नंतर. हे मत दोन गोष्टींवर बदलू शकते. तुमच्याकडे सहा-आठ महिने बाजारात अडकून राहिले तरी चालेल एवढे भांडवल आहे का, आणि तुम्ही स्वतः गच्चीवर चढून कामावर उभे राहणार आहात का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असेल तर डीलरशिपच बरी.

ऊन नेमके कुठून येते

गोव्यात भिंतीच्या इन्सुलेशनमागे लागू नका. बाहेर ३३ अंश आणि आत २६, एवढ्या सात अंशांच्या फरकात भिंतीवर केलेला खर्च भरून यायला फार वर्षे लागतात. चिऱ्याची भिंत मुळातच जाड असते, आणि पश्चिमेच्या भिंतीला एक छज्जा किंवा झाड दिले की अर्धे काम होते. छपराचे मात्र तसे नाही. एप्रिलच्या दुपारी काळवंडलेल्या गच्चीचा पृष्ठभाग ५५-६० अंशांवर जातो, आणि फरक तीस अंशांचा होतो.

ढोबळ हिशेब मांडू. १५० मि.मी. काँक्रीट स्लॅब, खाली प्लास्टर, वर पातळ कोबा, यांची यू-व्हॅल्यू (एका अंशाच्या फरकाला चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते तो आकडा) २.७ च्या आसपास येते. १२ चौरस मीटरच्या बेडरूममध्ये तीस अंशांच्या फरकाने साधारण एक किलोवॉट उष्णता वरून उतरते. त्यावर ५० मि.मी. एक्सपीएस (बंद पेशींच्या पॉलिस्टायरीन फोमचे घट्ट बोर्ड) टाकले की यू-व्हॅल्यू ०.५ च्या आत येते आणि तीच उष्णता पावणेदोनशे वॉटवर. स्लॅब जड असल्याने हा मारा दुपारी जाणवत नाही, पाच-सहा तासांनी जाणवतो. म्हणून लोक म्हणतात, "दुपारी बरं असतं, झोपायच्या वेळी छत तापतं." गिऱ्हाइकाला हेच वाक्य आधी विचारा. "हो, अगदी तसंच" म्हणाला तर त्याचा त्रास छपराचा आहे. दुपारीच त्रास असेल तर बहुतेक खिडकीतून ऊन येते आणि तुमचा माल त्याच्या उपयोगाचा नाही.

गोव्यातल्या निम्म्या गच्च्यांवर पावसासाठी पत्रे चढवलेले असतात. खालच्या स्लॅबला ती आयती सावली आहे. मधल्या चार-पाच फुटांत वारा खेळत असेल तर एक्सपीएस विकणे जवळजवळ फसवणूक ठरेल. अशा माणसाला बाजू बंद करू नका एवढे सांगा आणि चहा पिऊन या. पुढचे काम तो तुम्हालाच देतो.

नुसत्या पत्र्याखाली राहणारे किंवा काम करणारे (गोडाऊन, गॅरेज, बेकरी) हे वेगळे गिऱ्हाईक. तिथे उष्णता मुख्यतः किरणांनी उतरते, म्हणून ॲल्युमिनियम फॉइलची बबल शीट चालते. पण चालते ती फॉइलच्या चकचकीत बाजूसमोर किमान २५ मि.मी. हवेची पोकळी असेल तरच. पत्र्याला चिकटवून दोन्ही बाजूंनी दाबली की ती साधी प्लास्टिकची शीट होते. वरच्या अंगाच्या फॉइलवर वर्षभरात धूळ बसते आणि चमक संपते, म्हणून पोकळी खालच्या अंगाला मिळेल अशी रचना करा. किनाऱ्यापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत उघडी फॉइल खाऱ्या हवेने ठिपके पडून काळी होते, तिथे वर पारदर्शक फिल्म असलेलीच घ्या. "आमची ८ मि.मी. बबल शीट ५० मि.मी. फोमच्या बरोबरीची" असे सांगणाऱ्या पुरवठादाराकडे चाचणीत पोकळी किती धरली होती ते विचारा. गप्प बसतो.

स्लॅबवरचे काम, क्रमाने

यात चूक झाली की पुढच्या जूनमध्ये फोन येतो, म्हणून जरा सविस्तर.

जुना कोबा पोकळ वाजत असेल तर काढा. त्याच्यावर थर चढवणे म्हणजे आत साचलेले पाणी कुलूपबंद करणे. उतार १०० ला १, नाहाणीच्या तोंडाशी थोडा जास्त. त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर, पॅरापेटवर (गच्चीच्या कठड्यावर) किमान ३०० मि.मी. चढवलेला, कोपऱ्यात सिमेंटची गोलाई दिलेली. मग पाणी भरून ४८ ते ७२ तास ठेवा, खालून छत बघा आणि फोटो काढा. ही पायरी गाळण्याचा आग्रह नेहमी गिऱ्हाईकच धरते. मानू नका.

छत कोरडे निघाले की एक्सपीएसचे बोर्ड: घनता घनमीटरला ३२ ते ३६ किलो, कडा पायरीच्या, एकमेकांत बसणाऱ्या. सांधे विटांसारखे चुकवून. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, मग जाळी घालून ४० ते ५० मि.मी. स्क्रीड (सिमेंटचा थर), दर दोन ते तीन मीटरवर सांधा. शेवटी पांढऱ्या टाइल्सचे तुकडे किंवा पांढरा लेप. या रचनेत बोर्ड वॉटरप्रूफिंगच्या वर असतो, त्यामुळे खालच्या थराला ऊन लागत नाही आणि तो टिकतो. वर असल्यानेच तो पाण्यात राहतो, म्हणून इथे एक्सपीएसच लागते. थर्माकोल म्हणजे ईपीएस महिनोन्महिने पाण्यात राहिला की दाण्यांमधल्या फटींत पाणी धरतो. तो वापरायचा तर वॉटरप्रूफिंगच्या खाली, आणि खालचे काँक्रीट पूर्ण सुकलेले हवे.

नुसता पांढरा लेप हा स्वस्त पर्याय तुमचा खरा स्पर्धक आहे, आणि तो वाईट नाही. फक्त आपल्याकडे पहिल्याच पावसाळ्यानंतर त्यावर काळे शेवाळ चढते. दर ऑक्टोबरात घासून धुणारे गिऱ्हाईक असेल तर त्याला लेपच द्या.

स्लॅबच्या खालून पफ (पॉलियुरेथेन फोम) फवारणे सोपे आणि झटपट, म्हणून त्याची मागणी होते. गळक्या किंवा जुन्या स्लॅबला हे कधीही करू नका. वरून झिरपणारे पाणी फोममागे दिसत नाही, सळया गंजत राहतात आणि एक दिवस फोमसकट काँक्रीटचे खपले पडतात. नव्या, कोरड्या स्लॅबला फवारायचे तर एका फेरीत १२ ते १५ मि.मी., घनता ४० ते ४५ किलो, पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतले बाष्प पाणी होऊन बसते) निदान तीन अंश गरम. पफ दोन रसायनांतून बनतो, ओल असेल तर त्यातले आयसोसायनेट दुसऱ्या रसायनाऐवजी, म्हणजे पॉलिओलऐवजी, पाण्याशीच भिडते, वायू सुटतो आणि फोम भुसभुशीत होऊन सोलून येतो. थोडक्यात, नोव्हेंबर ते मे. जूनमध्ये फवारणी घेणारा ठेकेदार पैशाच्या अडचणीत आहे असे समजा.

दव: पुस्तकाच्या उलटी बाजू

परदेशी कॅटलॉग बहुतेक थंड देशांचे. तिथे ऊब आणि बाष्प घराच्या आत, म्हणून बाष्परोधक थर आतल्या बाजूला. आपल्याकडे एसी खोलीचे गणित उलटे: ओल बाहेर, थंडावा आत. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २७ अंशांच्या थोडा वर असतो. २७ च्या खालचा प्रत्येक उघडा पृष्ठभाग ओला होणार. बाष्परोधक थर बाहेरच्या, म्हणजे ऊबदार बाजूला हवा. आत चकचकीत व्हिनाइल वॉलपेपर लावलेल्या हॉटेलच्या खोल्यांत कागदामागे काळी बुरशी येते ती यामुळेच: बाष्प बाहेरून आत येते आणि कागदाशी अडकते.

अपवादही लक्षात ठेवा. एसी नसलेल्या गोडाऊनचा पत्रा डिसेंबरच्या रात्री उघड्या आभाळाखाली हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे आतून ठिबकतो. तिथे बाष्प खालून येते, म्हणून ग्लासवूलची फॉइल खालच्या अंगालाच हवी आणि सांध्यांवर टेप. फॉइल कुठल्या बाजूला, हे विचारल्याशिवाय गुंडाळी उघडू नये.

एक हिशेब जवळून पाहा, कारण यावरच हॉटेलांची कामे मिळतात. चिल्ड वॉटरचा, म्हणजे मध्यवर्ती एसीच्या थंड पाण्याचा, पाइप ७ अंश. वरच्या हवामानात इन्सुलेशनच्या बाहेरच्या कातडीला २७.२ च्या खाली जाऊ द्यायचे नाही, म्हणजे हवेपेक्षा फक्त २.८ अंश कमी. साध्या काळ्या नायट्राइल रबरच्या पृष्ठभागाला हवेकडून प्रति चौरस मीटर, प्रति अंश ८ वॉट मिळतात असे धरू. २.८ गुणिले ८, म्हणजे २२ वॉट. आतला फरक २०.२ अंश. भागाकार करून रबरच्या वाहकतेने, ०.०३६ ने, गुणले की सपाट पृष्ठभागासाठी सुमारे ३२ मि.मी. जाडी येते. बारीक पाइपला थोडी कमी चालेल. आणि बाजारात सर्रास बसवले जाते ते १९ मि.मी. दिल्लीत ते चालून जाते. आपल्याकडे जुलैत फॉल्स सीलिंगवर पिवळे डाग पडतात आणि प्लंबरला बोलावले जाते.

आता गंमत बघा. दिसायला छान म्हणून त्यावर चकचकीत ॲल्युमिनियमचे कवच चढवले की पृष्ठभागाला किरणांनी मिळणारी ऊब घटते, ८ चे ५ होतात आणि लागणारी जाडी ५० मि.मी. च्या वर जाते. कवच चढवून जाडी तीच ठेवली तर ठिबकणे वाढते. कवच हवेच असेल तर रंगवलेले घ्या. एवढे गणित कागदावर मांडून दाखवणारा विक्रेता इंजिनिअरच्या लक्षात राहतो.

शीतगृहे आणि होड्या

हा भाग गोव्यात सर्वांत भक्कम. मासळी, आइस्क्रीम, हॉटेलांची कोल्ड रूम, औषधांची साठवण. उणे १८-२० अंशांच्या खोलीला १०० ते १५० मि.मी. पफ पॅनल, शून्याच्या वरच्या तापमानाच्या खोलीला ६० ते ८०. पॅनल चांगले असून खोली फसते ती सांध्यांपायी. बाहेरच्या अंगाचा सांधा ब्यूटिल किंवा सिलिकॉनने अखंड बंद हवा. आतून दाट आणि बाहेरून विरळ सील केले तर बाष्प सांध्यात येऊन गोठते, बर्फ फुगतो आणि पॅनल विलग होतात. उणे तापमानात जमिनीखालीही इन्सुलेशन आणि त्याच्या खाली बाष्परोधक थर लागतो, शिवाय माती गोठून फरशी उचलू नये म्हणून हवा खेळवणारे पाइप किंवा हीटर. पाइप पॅनलमधून जातो ती भोके मी सर्वांत आधी तपासतो. बर्फ पहिल्यांदा तिथेच दिसतो.

ट्रॉलर हे कोणी फारसे न पाहिलेले काम. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, होड्या मालीम, कुटबण, वास्कोला उभ्या असतात आणि मासळी ठेवायच्या कप्प्याचा जुना, पाणी प्यालेला फोम बदलण्याची तीच वेळ. अडचण अशी की महिने पावसाचे. ताडपत्रीखाली ब्लोअर लावून लाकूड आधी सुकवावे लागते. ओलावा मोजणारे छोटे मीटर घ्या आणि लाकूड १८ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय फोम ओतू नका. आतून फायबरग्लासचे अस्तर अखंड हवे, पेटीच्या कोपऱ्यांत दुहेरी. कोयत्याने बर्फ फोडताना अस्तराला एक चीर गेली तरी दोन मोसमांत बाजूचा फोम स्पंज होतो. दुरुस्तीचा वेगळा दर ठेवा, दरवर्षी हमखास काम आहे.

ट्रकभर हवा

आता कारखान्याचा हिशेब. ३२ फुटी कंटेनर ट्रकमध्ये साधारण ५८ घनमीटर जागा. १६ किलो घनतेचा थर्माकोल भरला तर वजन ९२८ किलो. सात टन उचलणारी गाडी एक टनही नसलेला माल घेऊन चोर्ला किंवा आंबोलीचा घाट उतरते आणि भाडे पूर्ण घेते. उलट थर्माकोलचे कच्चे दाणे घट्ट असतात. २५ किलोच्या चाळीस पिशव्या, म्हणजे एक टन दाणे, फुगवले की ६२ घनमीटर ब्लॉक. आख्खा ट्रक चाळीस पिशव्यांतून निघतो. म्हणून थर्माकोल सगळीकडे जवळच्या जवळ बनतो आणि लांबून आणला की मार खातो. तुमच्या मशीनवाल्याचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे.

रॉकवूलला हे लागू नाही. ते दीड हजार अंशांच्या भट्टीत दगड वितळवून बनते, छोट्या उद्योजकाने त्याच्या वाट्याला जाऊ नये. पफ पॅनलची अखंड लाइन मोठ्या भांडवलाची, आणि गोव्याची मागणी एकटी तिचे पोट भरणार नाही. काथ्याचे बोर्ड ऐकायला छान वाटतात, पण आपल्या हवेत बुरशी धरतात.

एसी किंवा कोल्ड रूमसाठी पफ विकत घेताना फुगवणारा वायू कोणता ते विचारा. एचसीएफसी-१४१बी भारतात फोमसाठी १ जानेवारी २०२० पासून बंद आहे. आता सायक्लोपेंटेन (ज्वालाग्राही, फक्त तशी सोय असलेल्या कारखान्यात), महागडा एचएफओ, काही ठिकाणी एचएफसी किंवा नुसते पाणी. पाण्याने फुगवलेल्या फोमची वाहकता जास्त असते. शिवाय पफची ताजी वाहकता ०.०२० आणि काही वर्षांनी वायू निघून हवा शिरल्यावरची ०.०२४ ते ०.०२८. कॅटलॉगमध्ये पहिला आकडा असतो, तुम्ही हिशेब दुसऱ्याने करा. आकडा कोणत्या सरासरी तापमानाला मोजला तेही पाहा. १० अंशांचा आकडा आपल्या गच्चीच्या कामाचा नाही.

फसवणूक कुठे होते

घनतेत. दुकानात एक लटकता काटा ठेवा. एक मीटर बाय अर्धा मीटर, ५० मि.मी. जाडीचा तुकडा म्हणजे ०.०२५ घनमीटर. १६ किलोचा थर्माकोल ४०० ग्रॅम भरला पाहिजे, ३२ किलोचे ग्लासवूल ८००. तुकडा ६०० ग्रॅम भरला तर तुम्हाला २४ चा माल ३२ म्हणून विकला आहे. जाडीही मोजा, "दोन इंची" म्हणून ४५ मि.मी. सर्रास येते. बिलावर मानक लिहून मागा: थर्माकोलसाठी आयएस ४६७१, पफ आणि पीआयआर (पफचाच एक प्रकार) बोर्डसाठी आयएस १२४३६, बांधलेल्या खनिज लोकरीसाठी आयएस ८१८३.

आगीबाबत माझा हात आखडता आहे. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसे गेली, तिथे बाहेरचे आवरण आणि त्यामागचा फोम दोन्ही जळले. आपल्याकडे डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या नाइटक्लबच्या आगीत २५ जण गेले. त्यात काय जळले हा वेगळा विषय, पण गर्दीच्या जागेत छताला उघडा फोम लावून देणे यापुढे कोणी करू नये. साधा थर्माकोल पेटून थेंब-थेंब गळतो. एफआर (आगीला आवर घालणारा) ग्रेड ज्योत काढल्यावर विझतो, पण "जळत नाही" असा त्याचा अर्थ नाही. प्रमाणपत्र पाहताना ते आख्ख्या बोर्डचे आहे की नुसत्या वरच्या फॉइलचे, हे वाचा. किचन, बार, सभागृह, बाहेर जायचे मार्ग इथे रॉकवूल द्या. महाग पडत असेल तर काम सोडा.

नियम, पैसा, मोसम

नियमांची मागणी खरी आहे. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २०१७ व्यापारी इमारतींसाठी आहे, १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए करार मागणीपासून वर. उष्ण-दमट विभागात छपराची यू-व्हॅल्यू सर्वसाधारणपणे ०.३३ मागते. वर सांगितलेल्या स्लॅबवर त्यासाठी एक्सपीएस सुमारे ८० मि.मी., पीआयआर ६०, थर्माकोल ९५, रॉकवूल १०० लागते. राहत्या इमारतींसाठी इको निवास संहिता २०१८, भूखंड ५०० चौरस मीटर किंवा जास्त, छपराला कमाल १.२. म्हणजे २५ मि.मी. एक्सपीएसही पुरून उरते. घरगुती गिऱ्हाइकाला ७५ मि.मी. चढवू नका. गोव्यात घरगुती वीज महाराष्ट्रापेक्षा स्वस्त आहे, बचतीच्या आकड्यांवर घरमालक भुलत नाही. त्याला रात्रीची झोप विका. बचतीचा आकडा हॉटेलला आणि शीतगृहाला दाखवा.

पैसे मात्र उशिरा येतात. मुख्य ठेकेदार ६० ते ९० दिवस लावतो आणि ५ ते १० टक्के वर्षभर दाबून ठेवतो. उद्यम नोंदणी करा, पण एक बारकावा: एमएसएमईडी कायदा २००६ मधले ४५ दिवसांचे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांना आहे, निव्वळ व्यापाऱ्याला नाही. नुसत्या डीलरशिपविरुद्ध हा एक मुद्दा. ठेक्याच्या कामाला ते कितपत लागू, यावर कोर्टात वाद झाले आहेत, तेव्हा करारातच हप्ते लिहा: माल साइटवर आला की ६० टक्के, पाण्याची चाचणी झाली की ३०, उरलेले हस्तांतरावर. मोसमाचे चक्रही मांडून ठेवा: ऑक्टोबर ते मे गच्च्या, जून-जुलै होड्या, पावसाळ्यात हॉटेलांच्या आतली पाइप-डक्टची कामे, शीतगृहे बारमाही.

आता ते मशीन

सजावटीचा थर्माकोल १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, चवथीच्या मखरांचे ते गिऱ्हाईक गेले. इन्सुलेशनच्या थर्माकोलवर बंदी नाही. विकणाऱ्याचे आधीचे गिऱ्हाईक कोण होते ते आधी विचारा. नंतर प्रत्यक्ष चालवून बघा, बंद मशीन पाहून सौदा करू नका.

बॉयलरचे नोंदणीपुस्तक आणि चालू तपासणी प्रमाणपत्र नसेल तर बॉयलरची किंमत भंगाराच्या भावाने धरा. प्री-एक्सपांडरमधून (दाणे फुगवणाऱ्या यंत्रातून) दहा लिटरची बादली भरून दाणे वजन करा, १६ किलो घनतेला १६० ग्रॅम यायला हवेत. पाच बादल्या ओळीने घ्या, त्यांत दहा ग्रॅमहून जास्त चढउतार असेल तर वाफेचे नियंत्रण गेले आहे. दाणे किती तास मुरवतात ते पाहा, आठ तासांच्या खाली घाई. ब्लॉक मधोमध कापायला लावा आणि तुकडा हाताने मोडा. तडा दाणे फोडून गेला तर जोड चांगला. दाणे अख्खे सुटे होऊन मोडला तर साच्याची वाफेची छिद्रे बुजली आहेत. ब्लॉकच्या गाभ्याला हात लावा, ओला लागला तर आपल्या पावसाळ्यात तो आठवडाभरही सुकणार नाही. ५०-६० अंशांची सुकवण्याची खोली वेगळी बांधावी लागेल. ओला ब्लॉक कापून दिला की बोर्ड महिन्यात आकसतो, वाकतो आणि सांध्यांत बोटभर फटी पडतात. दाण्यांत पेंटेन असते, तेव्हा साठवणीच्या जागी हवा खेळती आणि ठिणगीची कामे दूर. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती मशीन उचलण्याआधी, नंतर नाही.

या सगळ्यात मशीन पास झाले तरी तूर्त ते बेळगावलाच राहू द्या. शेडमध्ये फक्त हॉट-वायर कटर बसवा आणि तयार, सुकलेले ब्लॉक आणा. ब्लॉकचे ट्रकभाडे बोर्डाइतकेच पडेल, पण उतार कापून दिलेले बोर्ड इथे कोणी झटपट देत नाही: एका कडेला ४० मि.मी., दुसऱ्या कडेला ५०, मीटरमागे एक सेंटिमीटर. वॉटरप्रूफिंगखाली ते टाकले की उतारासाठी जड कोबा लागत नाही आणि जुन्या स्लॅबवरचे ओझे वाचते. महिन्याला सहा ट्रक ब्लॉक खपायला लागले, तेही सलग चार महिने, की बेळगावला फोन करा. तोवर ते मशीन बहुधा आणखी स्वस्त झालेले असेल.